थोरलीच्या हातची बिअर

माझ्या लग्नाची बिअर माझ्या सवतीने केली. आमच्या झुलू लोकांत नवऱ्याने दुसरी आणायची ठरवली की जोंधळा भिजत घालायचा तो थोरलीने. आमची थोरली मान्तुली तर थुकेला नदीच्या दोन्ही काठांवर बिअरसाठी नावाजलेली.

लग्नात काळी मडकी मांडली आणि बायकांची कुजबुज सुरू झाली. सवतीच्या लग्नाची बिअर, काहीतरी घातलं असणार. विष नाही हे दाखवायला करणारणीने पहिला घोट सगळ्यांसमोर घ्यायचा असतो. मान्तुली गुडघ्यांवर बसली, फेस बाजूला सारला आणि एका दमात निम्मं मडकं रिकामं केलं. मग तोंड पुसून माझ्याकडे बघितलं.

पुरुष टोप्या काढून प्यायला बसले ते उठेचनात. माझ्या मण्यांचं, माझ्या नाचाचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. म्हातारे तिलाच विचारत होते, काय घातलंस गं यात? माझा नवरा भेकितेम्बाही तिच्याकडेच बघत होता. माझ्याच लग्नात मी पाहुणी झाले. खोटं कशाला सांगू, यापेक्षा तिने विष घातलं असतं तर परवडलं असतं असं मला वाटलं.

पुढे तिनेच मला शिकवलं. जोंधळ्याचं पोतं ओढ्यात किती दिवस बुडवायचं, मोड केवढे येऊ द्यायचे, मक्याची पेज किती निवली की मोडाचं पीठ घालायचं, सगळं. काही लपवलं नाही, याचाच मला जास्त राग. माझी बिअर लोक प्यायचे आणि वर विचारायचे, मान्तुलीची उरलीय का? मला वाटे, बया एखादी मुळी दडवून ठेवते. ती शेतात गेलेली बघून एकदा तिची झोपडी धुंडाळली. तपकिरीची डबी आणि लग्नातली घोंगडी, एवढंच सापडलं.

शेवटी तोंडावरच विचारलं. ती म्हणाली, "धाकटे, माझ्याकडचं सगळं दिलं तुला. एक राहिलंय, ते भेकितेम्बा देईल. थांब जरा."

एकोणीस वर्षं थांबले. मग भेकितेम्बाने तिसरी ठरवली. मान्तुलीचे हात आता थरथरायचे, म्हणून बिअर माझ्याकडे आली.

एरवी मी मडकं झाकलं की ढाराढूर झोपायची. या वेळी चार दिवस डोळ्याला डोळा लागला नाही. अंथरुणात आग लागल्यासारखी उठायची आणि दुसरं काही सुचेना म्हणून मडक्यावर हात ठेवायची. गरम लागलं की घोंगडी काढ, गार लागलं की घाल. फेस चढताना त्याची बारीक चरचर ऐकत बसायची. एवढा जीव मी माझ्या लेकरांच्या तापातही लावला नव्हता.

लग्नाच्या दिवशी पहिला घोट मी घेतला आणि ही माझ्याच हातची बिअर हे मलाच पटेना. पुरुषांनी टोप्या काढल्या, ते उठेचनात. मान्तुली दोन्ही हातांनी मडकं धरून सावकाश प्यायली.

"आता जमली," ती म्हणाली. "दिलं ना त्याने?"

म्हातारे मला विचारत होते, काय घातलंस गं? त्यांच्या डोक्यांवरून पलीकडे नवरी दिसत होती, नवेकोरे मणी घालून एकटीच उभी, माझ्याकडे टक लावून. त्या पोरीची मला कीव यायला हवी होती. नाही आली.