माझं नाव कुणी चोरेना

हणमंतरावाचं नाव चोरीला गेलं तेव्हा माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू? चोरावं असं काहीतरी त्याच्याजवळ होतं, हेच मला सहन झालं नाही.

आम्ही दोघं मुदखेड जंक्शनला पॉइंट्समन होतो, रेल्वेचे रूळ सांधणारे. वयानं बरोबरीचे, नोकरीला मी आधी लागलेलो. पण त्याच्या नावामागं 'राव' लागला आणि मी नुसता वैजनाथच राहिलो. सोयरीक जुळवायची असो की भावाभावांचं भांडण मिटवायचं असो, माणसं माझ्या दारावरून पुढं जाऊन त्याच्या ओट्यावर बसायची. निवृत्त झालो तरी तेच. त्याच्यात एवढं काय आहे, हे मी पुष्कळ शोधलं. कमी बोलतो आणि कुणाकडं काही मागत नाही, एवढंच सापडलं.

दिवाळी सरल्यावर त्याला ई-मेल आला. हयातीचा दाखला पोचलेला नाही, पेन्शन बंद होईल, खालच्या लिंकवर माहिती भरा. वर सरकारी शिक्का, खाली कुण्या साहेबाची सही. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी दाखवायची आम्हा पेन्शनवाल्यांना सवयच. त्यानं मुकाट्यानं पासवर्ड भरला, आलेला ओटीपीही भरला. बघता बघता ई-मेल आणि फेसबुक दोन्ही चोराच्या हातात गेले, आणि सगळ्या ओळखीच्यांना मेसेज गेला की मी नांदेडला दवाखान्यात आहे, नड आहे, जमेल तेवढं पाठवा.

आणि लोकांनी पाठवलं. अर्धापूरच्या केळीवाल्यांनी पाठवलं, धर्माबादच्या आडत्यानं पाठवलं. एकानंही त्याला फोन केला नाही. आमच्याकडं नडलेल्या माणसाला 'खरंच लागतात का' असं उलट विचारणं म्हणजे त्याची इज्जत काढणं. त्यात जन्मात न मागणारा माणूस मागतोय म्हटल्यावर जो तो आधी पाठवायला धावला.

मेसेज मलाही आला होता. मी पाठवले नाहीत. म्हटलं, कळू दे याला मागणं काय असतं ते. त्यामुळं आमच्या सगळ्या ओळखीत न फसलेला मी एकटाच निघालो.

हणमंतरावानं १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, पासवर्ड बदलले, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं. मग घरोघर फिरून एकच सांगत सुटला, "माझ्या नावानं कुणी मागितलं तर आधी मला फोन करा. विचारल्यानं माझी इज्जत जात न्हाई." आणि वर हेही, की वैजनाथकडून शिका, लई सावध माणूस हाय. लोक त्याला बसवून घ्यायचे, चहा पाजायचे, गेलेल्या पैशाचं नावही काढायचे नाहीत. चोरी होऊन वजन वाढलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. माझा नुसता जळफळाट झाला.

फोनमध्ये टू-स्टेप चालू कर, असं त्यानं मलाही सांगितलं. मी केलं नाही. आता फोन कसा वापरायचा तेही यानंच शिकवायचं?

पुढं एकदा माझ्या साडूच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर मेसेज आला, चुकून तुमच्याकडं सहा आकडी कोड आलाय, तेवढा पाठवा. साडूला काय उलट विचारायचं? पाठवला. लगेच माझं व्हॉट्सॲप बंद पडलं. साडूचा नंबर आधीच चोराच्या ताब्यात होता, हे नंतर कळलं. शेजारची सिंधू सांगून गेली की तुमच्या नावानं कुणीतरी पैसे मागून राहिलंय. तिनं पाठवले नव्हते.

लोकांना फोन करून सांगा, असं बायको, केवळाबाई, म्हणाली. मी म्हणालो, थांब जरा. मला आतून बरं वाटत होतं. आता माझ्या नावाचीही किंमत गावाला कळणार होती. धुतलेला सदरा घालून मी ओट्यावर बसलो.

दुपार झाली तरी कुणी आलं नाही. फोन वाजला तो गॅसवाल्याचा. हणमंतरावानं गावाला शहाणं केलंय म्हणून कुणी पाठवत नसेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण त्यानं विचारायला सांगितलं होतं. विचारायलाही कुणी आलं नाही.

दिवस कलल्यावर हणमंतराव आला. गुडघे धरत पायरी चढला आणि माझ्या तोंडाकडं बघत म्हणाला, "तू पैसे मागितले काय, वैजनाथ?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"फोनच लावणार होतो. पण तू काय जाळ्यात सापडणारा न्हाईस. म्हटलं खरंच नड असल, फोनवर बोलायला लाजशील. म्हणून संगं घेऊनच आलो."

खिशातून अर्धं वर काढलेलं पाकीट त्यानं परत आत सारलं. मग चष्मा लावून माझं व्हॉट्सॲप परत मिळवायच्या मागं लागला. मधेच स्वतःच्या फोनवरून माझ्या ओळखीच्यांना सावध करत होता. त्याचं सगळे ऐकत होते.

त्याच्या वेळी मी पैसे तर नाहीच, साधा फोनही केला नव्हता, हे माझ्या ओठावर आलं. बोललो नाही. गावात माझं 'सावध माणूस' म्हणून जे थोडंफार नाव होतं, तेही त्यानंच दिलेलं होतं. केवळाबाई चहा घेऊन आली आणि पहिला कप तिनं त्यालाच दिला.