दोनाच्या पाढ्याची पंचाईत

कडूबा मास्तरांच्या तोंडात 'बे' इतका मुरला होता, की पोरांचं सोडाच, शाळेत शिरलेल्या बकरीलाही ते 'चाल बे बाहेर' म्हणत. मोताळ्याजवळच्या त्या खेड्यात कुणालाच यात वावगं वाटत नसे. वऱ्हाडात 'बे' म्हणजे शिवी नव्हे, मायाच ती.

शाळा एका खोलीची, मास्तर एकटेच. घरोघर फिरून, आयाबायांची मनधरणी करून त्यांनी ती भरवली होती. झुंबरबाईची नात तर गावातून शाळेत बसलेली पहिलीच मुलगी. आणि अशात जिल्हा कौन्सिलाचं फर्मान आलं: मास्तरांनी मलकापूरला जाऊन ट्रेनिंगचा वर्ग पुरा करावा, नापास झाल्यास त्यांच्या जागी ट्रेनिंग झालेला माणूस येईल. नोकरी गेली तर भावांसोबत शेतात राबायला मास्तरांची ना नव्हती, पण ही शाळा दुसऱ्याच्या हाती द्यायची, हे काही त्यांना सोसवेना.

वर्ग घेणारे अनंतराव मूळचे पुण्याचे. माणूस भला, पण कान फार नाजूक. पहिल्याच दिवशी मास्तर शेजाऱ्याला 'सरक बे' म्हणाले आणि अनंतरावांनी भर वर्गात बजावलं, की हा शब्द पुन्हा ऐकू आला तर पास होण्याची आशा सोडा. झालं! मास्तरांनी जिभेला लगाम घातला. स्टेशनवरच्या हमालालाही ते 'अहो, जरा बाजूला होता का' म्हणू लागले. आपलं काय चुकलं ते न कळून तो बिचारा डोक्यावरची पेटी उतरवून उभा राहिला.

परीक्षेच्या पाठाला नेमका दोनाचा पाढा आला. समोर पहिलीची पोरं, मागे अनंतराव आणि बुलढाण्याहून आलेले साहेब. मास्तरांनी तोंड उघडलं आणि त्यांना दरदरून घाम फुटला. पाढ्याची सुरुवातच त्या शब्दाने! जरा घुटमळून ते म्हणाले, "दोन एके दोन."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. 'दोन दुणे चार'ला तर ती खिदळलीच. साहेबांच्या भुवया वर गेल्या. अनंतरावांना राहवेना, ते उठून म्हणाले, "अहो, बे म्हणा, बे!"

मास्तरांनी हात जोडले. "तुम्हीच त बंदी घातली नं जी."

साहेब निघाले वऱ्हाडातलेच. ते इतके हसले, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग अनंतरावही हसले आणि बंदी उठली. त्यानंतर मास्तरांनी पाढा असा रंगवला, की पोरं मांडीवर ठेका धरून म्हणू लागली. मास्तर पास झाले.

खुशीत गावी येऊन त्यांनी शाळेचं कुलूप काढलं, घंटा वाजवली. कोणी फिरकलं नाही. मास्तर गेल्यापासून शाळा बंदच होती, कारण बदली माणूस कोणी धाडलाच नव्हता. पोरं कुठे गुरांमागे, कुठे कापूस वेचायला गेलेली. मास्तरांना अगदी रडू यायचं बाकी होतं. आता पुन्हा पहिल्यापासून घरोघर फिरणं आलं. सगळ्यांत आधी ते झुंबरबाईकडे गेले आणि आपण पास झालो, आता इथून कोणी हलवणार नाही, असं मोठ्या हौसेने सांगितलं. बाईला पास-नापासाचं काहीच नव्हतं. ओटीतला कापूस सुपात रिकामा करत तिने एवढंच विचारलं, "धाडू पोरीले. पण मास्तर, पुन्हा शिकाले त नाही जानार नं?"