पेन्सिलीनं भरलेला चौकोन

भिंतीवरच्या नकाशावरची धूळ झटकताना एका जागी माझा हात थबकतो. अमेरिकेतल्या एका खोऱ्याचा जुना नकाशा आहे हा. त्यात तपकिरी रेषांचे डोंगर आहेत, तेलविहिरींचे ठिपके आहेत, गुरांची कुरणं आहेत. ह्यांची नोकरी तिथल्या तेलविहिरींवर होती. आम्ही तिथून निघताना शेजारच्या म्हाताऱ्या मार्थाबाईंनी हा नकाशा दिला. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गुरं.

“भरलेला चौकोन म्हणजे घर, पोकळ म्हणजे गोठा,” त्या म्हणाल्या. मग एका पोकळ चौकोनावर बोट ठेवलं. “माझा जन्म इथला. घर बांधून व्हायचं होतं, म्हणून आम्ही गोठ्यातच राहायचो. मोजणीवाल्यांनी लांबूनच पाहिलं. दोरीवर माझी दुपटी वाळत होती, तीही दिसली नाहीत मेल्यांना!”

डोंगराची उंची लांबून मोजता येते. चूल कुठे पेटते ते कळायला दारापर्यंत जावं लागतं.

मार्थाबाईंनी पेन्सिलीनं तो चौकोन भरला. मग ओढ्यापलीकडे, कोऱ्या जागेवर, आणखी एक काढला आणि तोही गच्च भरला.

“हे तुमचं.”

आता हे राहिले नाहीत. आमच्या त्या चौकोनाला मी फडकं लागू देत नाही.