क्रेनवरचा चंद्र

मला आकाशातलं फार कळतं अशातला भाग नाही. पण वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, तशी मी आमच्या कंपनीत आणि सोसायटीत शहाणी ठरले आहे. चाळिशी उलटल्यावर घाटकोपरला दर शनिवारी संध्याकाळी भरणाऱ्या एका आकाशदर्शन वर्गाला मी दहा आठवडे गेले आणि एक दुर्बीण घेतली. तेवढं लोकांना पुरलं. मग दरवर्षी कुणीतरी मला मोबाइल दाखवत येतं की अमुक रात्री मंगळ चंद्राएवढा दिसणार आहे, खरं का? मी खोटं म्हणून सांगते. त्यांचा चेहरा असा पडतो की जणू मंगळ मीच लहान केला.

नोकरी माझी मरोळला, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात. दिवसभर मायक्रोमीटर लावून मापं घ्यायची आणि मापात न बसणारा भाग बाजूला काढायचा. हे काम वर्षानुवर्षं करून माझा स्वभाव थोडा खडूस झालाय. कुणी ‘साधारण बरोबर आहे ना’ म्हटलं की माझं डोकं फिरतं.

सगळ्यात जास्त प्रश्न विचारायची ती आई. बाबा गेल्यापासून ती मुलुंड पूर्वेला माझ्याकडे राहते. मी लग्न केलं नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. बाबांनी गिरणीत आयुष्य काढलं आणि आईने त्यांच्या डब्यात, पण दोघांनी मालवणी काही सोडली नाही. माझी भाषा मुंबईची झाली, तिची अजून जशीच्या तशी आहे. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण प्रश्न नेमके. ग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, मग रोज तो कमी होतो तो कुणाच्या सावलीने? सकाळी नऊ वाजता चंद्र दिसतो तो उगवायचा विसरला की मावळायचा? ध्रुव एवढा मोठा म्हणतात, मग तो इतका बारीक कसा?

मी बटाटा आणि टॉर्च घेऊन बसायची. चंद्र रोज कमी होतो तो सावलीने नव्हे, त्याच्या उजेडातल्या भागाचा आपल्याला दिसणारा तुकडा लहान होत जातो, हे मी तिला बटाटा फिरवून दाखवलं. तिने तो माझ्या हातातून घेऊन स्वतः फिरवून पाहिला, पटलं तेव्हा मान हलवली आणि मग तोच बटाटा भाजीत चिरला. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो हेही तिला माझ्याकडून कळलं. इतकी वर्षं ती संकष्टी करत होती, पण उशीर का होतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं की ती विश्वास ठेवायची. तसा माझ्या शब्दावर जगात दुसऱ्या कुणी विश्वास ठेवल्याचं मला आठवत नाही.

संकष्टी हा तिचा हट्ट. चंद्र बघून अर्घ्य दिल्याशिवाय जेवायचं नाही. ढग असले तर कॅलेंडरातल्या चंद्रोदयाच्या वेळेला पूर्वेकडे हात जोडून जेवलं तरी चालतं, असं भटजींनीच तिला सांगितलं होतं. पण आईला सवलती आवडत नाहीत. आमची स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला. पूर्वी तिथून खाडीपर्यंत आकाश मोकळं होतं, कॅलेंडरातली वेळ झाली की दहा-पंधरा मिनिटांत चंद्र वर यायचा. मग समोरची जुनी इमारत पाडून तिथे टॉवर चढायला लागला. मी हात लांब करून मुठींनी मोजलं. एक मूठ चढायला चंद्राला चाळीस मिनिटं लागतात; टॉवर तीन मुठी उंच, म्हणजे चंद्राला त्याच्या मागून वर यायला दोन तास. गच्चीवरूनही टॉवर तसाच आड येतो, आणि गुडघ्यांमुळे आईला खाली रस्त्यावर उतरवत नाही, आम्ही चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. ती दोन तास खिडकीत बसायची. त्यात तिला मधुमेह आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

ती पावसाळ्यातली संकष्टी होती. चंद्रोदय सव्वानऊचा. दुपारी तिने दोन केळी खाल्ली होती आणि संध्याकाळची साखर कमी करायची गोळी सवयीने घेऊन टाकली होती. बाहेर बारीक पाऊस. सव्वादहाला मी बघितलं तर तिच्या कपाळावर घाम होता आणि हातातली अर्घ्याची पळी ताम्हणावर टकटक वाजत होती. साखर उतरली होती. मी साखरेचं पाणी पुढे केलं तर तिने तोंड फिरवलं. मी ओरडले. तरी नाही. दिसल्याशिवाय नाही म्हणजे नाही.

तेव्हा मला टॉवरवरच्या क्रेनचा दिवा दिसला. पावसाच्या पडद्याआड पिवळा, गोल, धूसर. मी म्हटलं, “आई, तो बघ आला.”

तिने मान उंचावून त्या दिशेला पाहिलं. मोतीबिंदूच्या डोळ्यांना कसला दिवा आणि कसला चंद्र. तिचा चेहरा उजळला. तिने खिडकीच्या गजांतून क्रेनच्या दिव्याला फूल दाखवलं, अक्षता वाहिल्या, तीन वेळा अर्घ्य दिलं आणि हात जोडले. मग साखरेचं पाणी प्यायली. मी ताट वाढेपर्यंत तिच्या हाताचा कंप थांबला होता. वरणभात कालवताना तिने विचारलं, “आज इतको बेगीन कित्याक गो?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. एक वेळ निभावून न्यायला खोटं बोलणं वेगळं. पण मी मायक्रोमीटरवाली ना, मी त्याला शास्त्राचा आधार दिला. पावसाळ्यात हवेत वाफ असते, तिच्यामुळे चंद्र लवकर वर आलेला आणि पिवळा भासतो, असं मी ठणकावून सांगितलं. तिने मान हलवली. बटाट्याच्या वेळी हलवली होती तशीच. तिने मोदक खाल्ला आणि झोपली. मला मात्र झोप लागली नाही. तिचा जीव वाचवला म्हणून बरंही वाटत होतं, आणि तिच्या भाबड्या विश्वासाचा फायदा घेतल्याची लाजही वाटत होती.

त्यानंतर मी डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ बदलून घेतली, आणि गोळी जेवल्याशिवाय द्यायची नाही असं ठरवलं. दिवाळीनंतर डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशनच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. डावा डोळा छान होईल, म्हणाले. उजव्याचा पडदा मधुमेहाने गेला आहे, तिथे मोतीबिंदू काढूनही काही उपयोग नाही, त्या डोळ्याने आता दिसणार नाही. मी बाहेर आले. आई बाकावर बसली होती. उजवा कधी करणार, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नंतर बघू.

पट्टी निघाल्यावर घरात माझी वाट लागली. आईला सगळं दिसायला लागलं. पंख्यावरची धूळ, कढईचं काळं बूड, माझे पांढरे केस. मला तिने उजेडात उभं करून नीट बघितलं आणि “बारीक झालंस” म्हणाली, जे साफ खोटं होतं. त्या आठवड्यात मी इतकी खूश होते की कारखान्यात कुणी साधारण बरोबर म्हटलं तरी मी चिडले नाही.

मग एकदा मी कामावरून आले तर ती स्वयंपाकघराच्या खिडकीत बसलेली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी चहा टाकत असताना तिने खिडकीबाहेर बोट केलं. अजून सातही वाजले नव्हते आणि टॉवरवर क्रेनचा दिवा लागला होता. तिने मला हळूहळू सांगितलं की तीन दिवस ती बघतेय, हा रोज त्याच वेळेला येतो, त्याच जागी राहतो आणि रोज पुरता वाटोळा असतो. चंद्र असा वागत नाही, हे तिला मीच शिकवलेलं.

“तेवा तो दिवोच होतो ना?”

मी हो म्हटलं. गॅस बारीक करून तिच्या समोर बसले आणि साखर उतरली होती, घाम फुटला होता, मला दुसरं काही सुचलं नाही, असं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. रागावली नाही, रडली नाही. रागावली असती तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. ती उठली आणि तांदूळ निवडायला बसली.

त्यानंतर तिने मला आकाशातलं काही विचारलं नाही. आधी मला वाटलं, असेल दोन दिवसांचं. पण आठवडा गेला. पश्चिमेला संध्याकाळी शुक्र झळकत होता, मी मुद्दाम म्हटलं, बघ गं काय तेज आहे. तिने बघितलं आणि “हां” म्हणाली. एवढंच. बाकी सगळं नीट चाललं होतं, भाजीत मीठ कमी म्हणून ओरडतही होती. पण तिच्या प्रश्नांविना घर मला खायला उठायचं. माणूस रागावला की समजूत घालता येते. विश्वासच उडाला तर काय घालणार?

पुढच्या संकष्टीला थंडीचे दिवस होते, आकाश स्वच्छ. मी कॅलेंडर बघून चंद्रोदयाची वेळ सांगितली. तरी वेळ झाल्यावर जिन्याकडच्या खिडकीतून खाली वाकून तिने वॉचमनला हाक मारली आणि आपल्या हिंदीत विचारलं, “चाँद आया क्या रे?” त्याने गेटबाहेर जाऊन बघितलं आणि सांगितलं, आया माताजी, कोने से दिखता है. मी दुर्बीण हातात घेऊन मागे उभी होते. मी कितीही खडूस असले तरी मला तेव्हा रडू आलं.

आईने तांब्या भरला, फूल आणि अक्षता पदरात बांधल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “धर माका. खाली जावया.”

चार मजले उतरायला आम्हाला वीस मिनिटं लागली. एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर, मग श्वास. वॉचमनने रस्त्याच्या कोपऱ्यावर त्याची प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. तिथून रस्ता सरळ खाडीकडे जातो, त्यामुळे इमारतींच्या मधून पूर्वेची एक फट मोकळी राहते. त्या फटीत चंद्र होता. वरच्या अंगाने जरा चेपलेला, तांबूस, चौथीचा. आईने बराच वेळ बघितलं. अर्घ्य दिलं, हात जोडले, पदराच्या टोकाने डावा डोळा पुसला. मी सोबत आणलेल्या डब्यातला मोदक तिच्या हातावर ठेवला, तो तिने अर्धा खाल्ला.

मग तिने डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

ती काय करतेय हे मला कळलं. उजवा डोळा उघडा ठेवून ती चंद्र होता त्या दिशेला तोंड करून बसली. रिक्षा गेली, वॉचमन खोकला. तिने हात तसाच ठेवून विचारलं, “डाक्टर काय म्हणालो? ह्या डोळ्याक दिसतला काय? खरा सांग.”

‘नंतर बघू’ तोंडापर्यंत आलं होतं. मी तिच्या खुर्चीशेजारी रस्त्यावर उकिडवी बसले.

“नाही, आई. त्या डोळ्याला नाही दिसणार आता. ऑपरेशन करूनही नाही. डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, मी तुला सांगितलं नाही.”

तिने हात काढला नाही. थोड्या वेळाने तिने हात मांडीवर घेतला, उरलेला मोदक तोंडात टाकला आणि सावकाश चावला. तिचे डोळे भरले होते, दोन्ही. “बरा,” ती म्हणाली आणि उठण्यासाठी माझा खांदा धरला.

वर चढणं उतरण्याहून वाईट होतं. दुसऱ्या मजल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली, छाती भात्यासारखी हलत होती. अजून किती, असं तिने विचारलं. अशा वेळी सगळे म्हणतात, झालंच, थोडं उरलं. मी कठड्यावरून वाकून वर बघत मोजलं आणि सांगितलं, “बेचाळीस पायऱ्या आहेत.”

“मगे बस हंय,” ती म्हणाली आणि पायरीवर बसली. मी तिच्या खालच्या पायरीवर बसले. तिच्या पायाला सूज होती, मी पाऊल मांडीवर घेऊन दाबायला लागले. मग तिने माझ्या डोक्यावरच्या पांढऱ्या केसांत बोटं घातली.

“चंद्रावरसून बघलंय तर आपली पृथ्वी केवडी दिसता गो?”

“मोठी. चंद्र आपल्याला दिसतो त्याच्या चौपट रुंद,” मी म्हटलं. आवाज फाटला, पण तिच्यापासून काही लपवायचं नव्हतं म्हणून तसाच फाटू दिला. “चौपट पुरती नाही, आई. जरा कमी.”