करडईचं तेल आणि दाजींचे हात

कचेरीत मोठ्या साहेबांच्या टेबलावरचा फोन माझ्यासाठी कधी वाजत नाही. त्या दिवशी वाजला. "दाजी गेले," पलीकडून अक्काचा शेजारी म्हणाला, आणि माझ्या तोंडून निघालं, "अहो, असे कसे गेले? मला त्यांना एक सांगायचं होतं..." मी दुःखानं बरळतोय असं समजून साहेबांनी रजा दिली. खरं तर मी चिडलो होतो. स्वतःवर, आणि थोडासा दाजींवरही. पाच वर्षं मी एक वाक्य जुळवत होतो. माणसानं जरा सवड द्यावी की नाही?

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. कापडगिरणीत फिटर होते. निवृत्त झाल्यावर भवानी पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत मोटारदुरुस्तीचं दुकान काढायचं त्यांनी मनात घेतलं. "माग काय न् मोटार काय, दोनी लोखंडच की," म्हणायचे. पण मोटारीचं इंजिन त्यांनी कधी पुरतं उघडलेलं नव्हतं. नेमकी तेव्हाच मी, एका कारकुनानं, ऐपत विसरून एक जुनी गाडी घेतली होती. ती चालण्यापेक्षा उभीच शोभून दिसे. दोन मैल गेली की पाणी उकळे. दाजी खूश झाले. "वसंता, तुझी गाडी मी उघडतो. ही हाताखालनं गेली की दुकान काढलंच म्हनून समज. न्हाय जमलं, तर उगं लोकांच्या गाड्यांचं वाटोळं कशाला करायचं?"

मे महिना, अंगणात सावलीचं नाव नाही. इंजिनाच्या हेडचे, म्हणजे वरच्या झाकणाचे, सगळे बोल्ट निघाले, शेवटचा एक मात्र हटून बसला. दाजींनी पाना लावून पाहिला आणि लगेच सोडला. "गंजलाय. दांडगाई करायची न्हाय. तू सकाळ-संध्याकाळ त्याच्यावर रॉकेल सोड, मी रोज येऊन हलकं ठोकतो. लोखंडाला बी दम खाऊ द्यावा लागतो." काम सोपं होतं, म्हणजे माझ्या आवाक्यातलं. पण रॉकेल रेशनवर. स्टोव्हच्या डब्यावर आमच्या हिची करडी नजर. थेंब मागितला तरी भाषण ऐकावं लागे. त्याउलट माढ्याहून सासऱ्यांनी पाठवलेलं घाण्याचं करडईचं तेल घरात डबाभर होतं. मी विचार केला, तेल ते तेल. उलट हे जरा घट्ट, जास्तच मुरेल! दोन वेळा निष्ठेनं घातलं. देवाच्या समईत इतक्या नेमानं कधी घातलं नसेल.

आठ दिवस दाजी सायकलवरून येत होते. टुक टुक टुक ठोकायचे, पाना लावायचे, मान हलवायचे. मी शेजारी उभा राहून बोल्टाच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. "दाजी, जोर लावा की जरा!" असं एकदा म्हणालो, तर त्यांनी पाना माझ्याच हातात दिला. "घे, तू लाव." मी लावला. पाना सटकला आणि माझाच गुडघा फुटला. "आता कळलं?" दाजी म्हणाले, पण हसले नाहीत. "रॉकेल घालतोस न्हवं रं?" "घालतोय की," मी गुडघा चोळत म्हणालो. नवव्या दिवशी बोल्टाचं डोकं पिळवटून तुटलं आणि पान्यात आलं. दाजी ते तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले. "चाळीस वर्सांत असा तुटला न्हवता माझ्या हातनं... हात गेलं, वसंता." पाने फडक्यात बांधले आणि निघाले. सायकल तिथंच विसरून, चालत.

दुसऱ्या दिवशी हिनं तेलाचा डबा माझ्यापुढं आपटला. "झाकण बसलंय, उघडून द्या." निघेना. "करडईचं तेल उघड्यावर राहिलं की वाळून डिंकासारखं होतं. काठ पुसून ठेवायचा असतो, एवढंही ठाऊक नाही?" मी विचारलं, "समजा... बोल्टावर घातलं तर? उन्हात?" तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग खिडकीतून गाडीकडं. कपाळावर हात मारून घेतला.

सायकल पोहोचवायच्या निमित्तानं लगेच निघालो, सगळं सांगून टाकायचं ठरवून. पोहोचलो तर दुकानासाठी ठरवलेल्या पुढच्या खोलीत ज्वारीची पोती लावणं चाललं होतं. अक्कानं चहा दिला. मी मनाशी म्हटलं, आत्ता सांगितलं तर सगळ्या गोतावळ्यात हसं होईल, रविवारी सांगू. असे किती रविवार गेले... दर दिवाळीला कोणी ना कोणी विचारायचं, "दाजी, दुकान का नाही काढलं?" दाजी तळहात पुढं करायचे. "हात गेलं." आणि मी आणखी एक शंकरपाळी तोंडात टाकायचो, तोंड रिकामं राहू नये म्हणून.

तेराव्यानंतर अक्काला तेलाचं सगळं सांगितलं. ती रडेल, ओरडेल, असं वाटलं होतं. ती उठून आत गेली आणि दाजींच्या उशाखालचा एक बोल्ट आणून माझ्यापुढं ठेवला. झिजून चकचकीत झालेला, त्यावर नट आवळलेला.

"रोज सकाळी, च्याच्या आधी, हा नट सोडायचे आन् परत आवळायचे. नुसत्या बोटांनी. म्हनायचे, बघतो किती ऱ्हायलंय हातात. पाच वर्सं, वसंत्या. आन् तुला ठावं हुतं." बोल्ट माझ्याकडं सरकवत म्हणाली, "दवाखान्यात न्यायच्या दिवशी सकाळी आवळलाय ह्यो."

मी उचलला. चिमटीत धरून फिरवला. मग मुठीत धरला, मग सदऱ्याचं टोक गुंडाळून. तळहातावर लाल वळ उठला. नट जागचा हलला नाही.

"ठेव खाली," अक्का म्हणाली. "तुझ्यानं न्हाय व्हायचं."