भिंतीवरचं वारं

दुसऱ्याचं चुकलेलं बघून पेंटरचाचांना गप्प बसवतच नसे. माजलगावच्या बाजारात पेंडीच्या दुकानाच्या पाटीवर बैल काढला होता, खूर मात्र घोड्यासारखे सबंध! चाचांनी कुणालाही न विचारता आपला डबा-ब्रश आणला आणि चारही खूर मधोमध फाडून दिले. दुकानदार ओरडत बाहेर आला, तर उलट त्यालाच म्हणाले, "पेंड बैलाला विकतो का घोड्याला, बे?"

पुढे फ्लेक्स आले आणि चाचांचं काम गेलं. तीन वर्षं कुणी त्यांना शिडी लावू दिली नव्हती. मी इराणी चहाचं हॉटेल काढलं, तेव्हा भिंत मुद्दाम त्यांना दिली. मोबाइलवर एक चित्र सापडलं होतं. कुण्या गोऱ्या साहेबानं फार पूर्वी रंगवलेलं इराणातलं खेडं: मातीची घरं, धुरकट तंदूर, खळ्यावर वाऱ्यात धान्य उपणून भूस उडवणारा गडी, बाजूला लेकरू घेऊन बसलेली बाई. "चाचा, अस्संच्या अस्सं काढा," मी बजावलं.

चाचांचा हात कापायचा, म्हणून उजवं मनगट डाव्या हातानं धरून ब्रश चालवायचे. बसा जरा म्हटलं की उत्तर ठरलेलं: "भिंत उभी हाय तवर मी बी उभा."

उद्घाटनाला दोन दिवस उरले. सकाळी येऊन बघतो तर काय, सगळ्या खळ्यावर चुना फासलेला! माझं डोकंच फिरलं.

"तंदूरचा धूर उजवीकडं आन् भूस डावीकडं," चाचा शांतपणे म्हणाले. "एका गावात दोन वारं असतेत का?"

"कोण बघतंय धुराकडं? माझ्या पत्रिका वाटून झाल्यात!"

"माझा बाप तलवाड्याला लोकांच्या खळ्यावर उपणायचा. भूस डोळ्यात गेलं की काय होतं, मला ठाव हाय. ती बाई बघ. सगळं भूस तिच्या लेकराच्या तोंडावर. साहेबाला रंग दिसले, लेकरू न्हाई दिसलं."

"मग मी दुसरा पेंटर बघतो!"

"बघ. ही माझी शेवटची भिंत हाय, मलाबी कळतंय. पण चुकीची न्हाई सोडणार."

असल्या माणसापुढे काय करणार, कपाळ! मी उद्घाटन पुढं ढकललं, घरोघर फोन केले, बोलणी खाल्ली. पाचव्या दिवशी भूस धुराच्या वाटेनं उडायला लागलं. खाली नाव घाला म्हटलं, तर मान हलवली. "चित्र साहेबाचं. मी फकस्त वारं सरळ केलं."

गेल्या वर्षी चाचा गेले. नात्याचे ना गोत्याचे, पण मी ढसाढसा रडलो.

परवा माझ्या मुलानं फ्लेक्स ठोकायला माणूस बोलावला. "अण्णा, भिंत जुनाट दिसते." मी त्या माणसाला चहा पाजला आणि शिडीसकट परत पाठवलं. मुलगा चिडला, "गिऱ्हाईक काय भिंत बघायला येतं?"

"न येवो," मी म्हणालो. "पण माझ्या जिवात जीव आहे तोवर त्या लेकराच्या अंगावर कुणी खिळा ठोकणार नाही."