सुरगाठ

मी शाळांसाठी हजेरीचं सॉफ्टवेअर बनवतो. ते गावोगाव पाठवताना मी फाईल सगळ्यात जास्त दाबून लहान करणारा प्रकार निवडला. आपल्याकडे नेट कसं चालतं ते ठाऊक होतं, म्हणून स्वतःवरच खूश होतो.

दुसऱ्याच दिवशी सिरसाळ्याहून एका शिक्षिकेचा फोन आला. "सर, फाईल उतरली लगेच, पण उघडंना. तासभर झाला, कॉम्प्युटर नुसता अडकून बसलाय."

"कॉम्प्युटरच जुना हाय तुमचा, त्याला मी काय करू?" असं तोडून बोलून मी फोन ठेवला.

आई शेजारीच शेंगा फोडत बसली होती. अर्धं आयुष्य तिनं ऊसतोडीला जाताना बिऱ्हाड बांधलं. काय झालं ते मी तणतणत सांगितलं, तशी ती म्हणाली, "लई आवळून बांधलं असशील. तवा-पिठाच्या गाठोड्याला आमी सुरगाठच मारायचो, टोक ओढलं की सुटणारी. फडावर उतरल्यावर बोटं थंडीनं आखडलेली असायची, अन् तू भुकेनं रडत असायचास."

मी साधी झिप केली. फाईल मोठी झाली, पण त्या जुन्या कॉम्प्युटरवर पटकन उघडली. बाईंची माफीही मागितली.

कोयता धरून आईची बोटं आता वाकडी झालीत. परवा ती मामाकडं निघाली, तेव्हा तिचं गाठोडं मीच बांधलं. एसटीत चढण्याआधी तिनं गाठीचं टोक ओढून पाहिलं. गाठ सुटली. ती हसली, अन् गाठोडं परत माझ्यापुढं धरलं.